जुन्या पिकअपचं नाक किती उचलावं, आणि मोठा टायर खरोखर कुठे अडतो

गोव्यातल्या वाळपईच्या बाजूने आलेला प्रश्न थोडक्यात असा. पंधरा वर्षांची डबल कॅब डिझेल पिकअप, फोर बाय फोर, पुढे टॉर्शन बार (पीळ खाणाऱ्या दांड्याची स्प्रिंग), मागे पाटे. टायर २३५/७० आर १६, म्हणजे रुंदी २३५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंची. पावसाळ्यात कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वाटेवर गाडीचं पोट घासतं, म्हणून २६५/७५ आर १६ बसवायचे आहेत. गॅरेजवाला म्हणतो, पुढचे दोन बोल्ट आवळले की तीन इंच उंची मिळते आणि सामानाचा खर्च शून्य. करावं का?

तीन इंच करू नका. ३५ ते ४० मिलिमीटर, म्हणजे साधारण दीड इंच उचला आणि टायर २४५/७५ आर १६ घ्या. २६५/७५ बसवायचाच असेल तर तो बोल्ट आवळून बसत नाही, त्याला पत्रा ठोकावा-कापावा लागतो. कारण गाडी उभी असताना टायर आणि मडगार्ड यांच्यात दिसणारी जागा फसवी असते. सस्पेन्शन उचललं की ती जागा वाढलेली दिसते. पण चाक खड्ड्यात आदळून चाक धरणारा खालचा आर्म बंप रबरवर (चाकाचा वरचा प्रवास थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) टेकतो, तेव्हा चाक चॅसीच्या तुलनेत नेमकं तिथेच येतं जिथे उचलण्याआधी येत होतं. बंप रबर हललेलं नाही, मडगार्डही हललेलं नाही. म्हणजे मोठ्या टायरची वाढलेली त्रिज्या त्या क्षणी पूर्णच्या पूर्ण पत्र्यात किंवा प्लास्टिकच्या लायनरमध्ये घुसते. अंगणात स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून ‘कुठे लागत नाही’ म्हणणं आणि चोर्ला घाटात वळणावर खड्डा लागल्यावर न लागणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी आकडे. २३५/७० आर १६ चा व्यास ७३५ मिमी, २४५/७५ चा ७७४, २६५/७५ चा ८०४. त्रिज्या अनुक्रमे १९ आणि ३४ मिमीने वाढते. रुंदी १० आणि ३० मिमीने वाढते, ती रिमच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी वाटली जाते. टायरच्या जोरावर जमिनीपासूनची उंची वाढते ती त्रिज्येइतकीच. इथे एक प्रश्न स्वतःला विचारा: घासतंय ते नक्की काय? मागच्या ॲक्सलचा गोळा (डिफरन्शियल) घासत असेल, तर सस्पेन्शन फूटभर उचललं तरी तो एक मिलिमीटर वर जाणार नाही, कारण तो चाकांच्या मधोमध बांधलेला आहे. त्याला टायरच वर नेतो. पुढचा क्रॉस मेंबर (चॅसीचा आडवा दांडा), इंजिनाच्या तेलाचा चेंबर किंवा पुढचा डिफरन्शियल घासत असेल, तर हे भाग चॅसीला टांगलेले असल्याने सस्पेन्शन उचलल्याचा फायदा पूर्ण मिळतो. खाली वाकून ओरखडे कुठे आहेत ते पाहिलं की याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. कुळागराच्या वाटेवर दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा बहुतेकदा मागचा गोळाच खरवडतो.

आता टॉर्शन बार. हा स्प्रिंगच आहे, गुंडाळलेला नाही इतकंच. त्याचं एक टोक आर्मला, दुसरं टोक मागे क्रॉस मेंबरमध्ये अँकर आर्मला, आणि त्या अँकरला ढकलणारा एक ॲडजस्टिंग बोल्ट. बोल्ट आवळला की अँकर फिरतो, बार फिरतो, आर्म खाली ढकलला जातो आणि गाडीचं नाक वर येतं. लोक म्हणतात की असं केल्यावर बार कडक होतो. होत नाही. बारचा कडकपणा त्याची लांबी, जाडी आणि पोलाद ठरवतं. गाडीचं वजन तेवढंच असल्यामुळे उभ्या गाडीत बारला बसलेला पीळसुद्धा जवळपास तेवढाच राहतो, फक्त पीळ कुठून मोजायचा ती सुरुवात सरकते.

मग उचललेली गाडी धडाधड का आपटते? कारण चाकाचा खाली लटकण्याचा प्रवास संपतो. समजा चाकाचा एकूण प्रवास १८० मिमी आहे, मधल्या उंचीपासून वर ९० आणि खाली ९०. चाळीस मिमी उचललं की वर १३०, खाली ५०. तीन इंच, म्हणजे ७५ मिमी उचललं की वर १६५ आणि खाली फक्त १५. आता प्रत्येक स्पीडब्रेकर उतरताना चाक खाली जायला निघतं आणि वरचा आर्म लगेच आपल्या रबरी थांब्यावर ठोका देतो. तो ठोका थेट चॅसीत जातो, आणि माणसाला वाटतं स्प्रिंग कडक झाली. त्यात काही गाड्यांमध्ये खालच्या प्रवासाची मर्यादा थांबा नाही तर शॉकअपच धरतो. तिथे शॉकअपचा दांडा आतून आपटून सील जातं, आणि पुढे दांडाच निसटतो. खालचा प्रवास किमान ४५ ते ५० मिमी शिल्लक ठेवायचा, एवढ्या एका नियमावर तुमची उंची ठरवा. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये तो हिशेब ३५ ते ४० मिमीवर येऊन थांबतो.

स्वतःच्या गाडीचा हिशेब असा काढा. मोजमाप जमिनीपासून घेऊ नका, त्यात टायरची हवा आणि टायरची झीज दोन्ही घुसतात. हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. पहिलं माप गाडी सपाट जागी उभी असताना, ड्रायव्हरच्या जागी नेहमीच्या माणसाइतकं वजन ठेवून, दोन्ही बाजूंचं. आपल्याकडे अंगण सहसा उताराचं असतं, तेव्हा पेट्रोल पंपाची फरशी किंवा वजनकाट्याचं ताट बरं. दुसरं माप चॅसी घोडीवर (जॅक स्टँडवर) घेऊन चाक पूर्ण लटकलेलं असताना. या दोन मापांतला फरक म्हणजे आज शिल्लक असलेला खालचा प्रवास. पंधरा वर्षांत बार बसलेले असतात, त्यामुळे हा फरक नव्या गाडीपेक्षा जास्त निघतो आणि उजवी बाजू डावीपेक्षा पाच-दहा मिमी खाली दिसते. म्हणजे तुमच्या ४० मिमीतले १० ते १५ मिमी हे ‘उचलणं’ नसून गाडी मूळ उंचीवर परत आणणं आहे, आणि तेवढ्यापुरतं सगळं सुरक्षितच असतं.

बोल्टला हात लावण्याआधी गंज पाहा. समुद्रालगतची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि चॅसीच्या खाचांत अडकून ओली राहणारी तांबडी माती, यांनी अँकरचा क्रॉस मेंबर आतून खाल्लेला असतो. हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज हवा. भद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर उंची वाढवायचा विचार सोडा आणि आधी तो क्रॉस मेंबर दुरुस्त करा. सगळ्या नाकाचं वजन बारमार्फत त्या एका पत्र्यावर टेकलेलं आहे. बोल्टच्या आट्यांवर तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारं तेल दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मारा. गॅस कटरने गरम करून सोडवायचा मोह होतो, पण उष्णता बारच्या टोकापर्यंत गेली तर त्याचं पाणी उतरतं आणि मग तो बार महिन्या-दोन महिन्यांत बसतो किंवा तुटतो. बारवर वेल्डिंग नको, पाइप पान्याचे दात नकोत, रंग खरवडणंही नको. पिळात राहणारा दांडा ओरखड्यापासूनच तडकतो.

काम करताना मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, पुढची चॅसी उचलून दोन घोड्यांवर टेकवा. मातीच्या अंगणात घोडीखाली जाड फळी हवीच. घोडीऐवजी चिरे रचून त्यावर गाडी ठेवणारे लोक आहेत. चिरा भिंतीत पसरलेला भार पेलतो, पण चॅसीच्या कडेखालचा टोकदार भार त्याला सहन होत नाही, आणि ओला असेल तर फुटताना आवाजही करत नाही. अशा गाडीखाली जाऊ नका.

चाकं लटकली की बोल्टवरचा ताण कमी होतो. बोल्टच्या मोकळ्या आट्यांची लांबी दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा, अँकर आणि बार यांच्यावर रंगाची एकच आडवी रेघ मारा. आट्यांना ग्रीस लावा. दोन्हीकडे तीन-तीन फेरे आवळा, गाडी खाली उतरवा, पंधरा-वीस मीटर पुढे-मागे चालवा आणि मग मोजा. जॅकवरून उतरलेली गाडी लगेच मोजली तर माप हमखास चुकतं, कारण चाकं आत ओढलेली असतात आणि टायर जमिनीवर सरकल्याशिवाय सस्पेन्शन बसत नाही. तीन फेऱ्यांनी किती चढली ते कळलं की पुढचा हिशेब त्रैराशिकाचा. दोन बाजूंत ५ मिमीपेक्षा जास्त फरक ठेवू नका.

बोल्ट संपला आणि उंची अजून हवी असं झालं, तर काहीजण अँकर काढून एक दात पुढे बसवतात. बोल्ट पूर्ण सैल केल्यावरही अँकरवर ताण राहतो अशा गाड्या आहेत. तिथे ताण काढायचं खास अवजार लागतं, नाहीतर अँकर सुटून हात मोडतो. शिवाय डावा आणि उजवा बार वेगळे असतात. कारखान्यात प्रत्येकाला त्याच्या बाजूच्या दिशेनेच पीळ देऊन पक्कं केलेलं असतं, टोकावर खूण असते. अदलाबदल झाली तर काही दिवसांत गाडी बसते. दात बदलायची गरज पडणं हीच खूण समजा की बार थकले आहेत आणि नवे हवेत. गाडीला पुढे लोखंडी बुल बार आणि विंच असेल तर जाड बार घेण्यात अर्थ आहे, पण जपून: जाडी १० टक्क्यांनी वाढली की कडकपणा जवळपास ४६ टक्क्यांनी वाढतो.

उंची मिळाली, आता सगळ्यात जास्त टाळली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी चाचणी. नवे टायर विकत घेण्यापूर्वी त्या मापाचा एक जुना टायर, रिमसकट, कुठून तरी उसना आणा. साखळीच्या किंवा फोंड्याच्या टायरवाल्यांकडे उतरवलेले टायर पडलेले असतात. चॅसी घोडीवर ठेवा, ॲडजस्टिंग बोल्ट पूर्ण सैल करा (फेरे मोजून, लिहून), तो टायर बसवा, आणि खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक वर वर नेत जा, बंप रबर आर्मला टेकून थोडं दबेपर्यंत. बार सैल असल्यामुळे चॅसी घोडीवरून उचलली जात नाही. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा आणि टायर जिथे लागतो तिथे खडूने खूण करा. एरवी ताटलेली स्प्रिंग ही चाचणी करूच देत नाही. पुढे कॉइल असलेल्या गाडीत याच कामासाठी कॉइल काढून ठेवावी लागते. कष्टाचं आहे, पण चार टायरच्या किमतीपुढे अर्धा दिवस काही नाही.

लागायच्या जागा ठरलेल्या आहेत. मागे, मडगार्ड जिथे दरवाज्याच्या खांबाला मिळतं तिथला जोडपट्टा. पुढे, बंपरचा आतला कोपरा आणि मडफ्लॅपच्या क्लिपा. आतल्या बाजूला, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळल्यावर चॅसी किंवा स्टॅबिलायझर बार. २४५/७५ ला सहसा मडफ्लॅप मागे सरकवणं आणि लायनर हीट गनने मऊ करून दाबणं एवढ्यावर भागतं. २६५/७५ ला जोडपट्टा हातोडीने चपटा करावा लागतो, कधी बंपरचा कोपरा कापावा लागतो, आणि बंप रबरखाली १५ ते २० मिमीची लोखंडी चकती घालून चाकाचा वरचा प्रवास मुद्दाम कमी करावा लागतो. चपट्या केलेल्या जोडपट्ट्याचा रंग तडकतो. तिथे त्याच दिवशी प्रायमर, सीलंट आणि रंग मारला नाही, तर एका पावसाळ्यात खांबाच्या मुळाशी भोक पडेल. चाचणीत १० ते १५ मिमी मोकळी जागा दिसायला हवी, कारण जोराच्या आदळ्यात बंप रबर जॅकने दबतं त्यापेक्षा जास्त दबतं.

रिम बदलून टायर बाहेर काढला की आत लागत नाही, हा सल्ला अर्धाच खरा आहे. टायर जितका बाहेर, तितकं वळताना त्याचं टोक मोठ्या वर्तुळात फिरतं आणि बंपरच्या कोपऱ्यात जास्त घुसतं. व्हील बेअरिंग आणि बॉल जॉइंटवरचा भार वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून हिसका मारतं. रिमची रुंदी मात्र बघायलाच हवी: २६५/७५ ला किमान ७ इंच, २४५/७५ ला साडेसहा. जुन्या पिकअपवर सहा इंचाची रिम असण्याची शक्यता बरीच असते, ती रिमच्या आत कोरलेल्या ‘६ जे’ वरून कळते. टायरवरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. १०९ म्हणजे एका टायरला १०३० किलो, ११२ म्हणजे ११२०. कारसाठीचा मऊ टायर स्वस्त मिळाला म्हणून पिकअपवर चढवला, तर नारळाच्या पोत्यांखाली त्याच्या बाजू फुगतात आणि उन्हाळ्यात फुटतो.

बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि आर्मचे बुश जुने असतील तर ते उंची वाढवण्यापूर्वी बदला. उचलल्यावर वरचा बॉल जॉइंट आधीच कलून बसतो. थोडा खेळ असलेला जॉइंट पूर्वी वर्षभर चालला असता, तो आता दोन महिन्यांत खडखडतो. बुशबाबत एक बारीक गोष्ट जवळजवळ सगळीकडे चुकते. रबरी बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं आणि आर्म हलताना ते पीळ खातं. उंची बदलल्यावर हे रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. म्हणून नवी उंची पक्की झाली की आर्मचे पिव्हट बोल्ट सैल करायचे, गाडी चाकांवर उभी ठेवून दोनदा दाबून सोडायची, आणि मग त्याच स्थितीत बोल्ट पुन्हा आवळायचे. गाडी घोडीवर, चाकं लटकलेली असताना हे बोल्ट आवळले तर केलेलं सगळं उलटं होतं.

ब्रेकची रबरी नळी, एबीएस असेल तर त्याची वायर, दोन्ही चाक पूर्ण लटकलेलं आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना तपासा. नळी ताणलेली दिसली तर तिची पकड खाली घ्या किंवा लांब नळी बनवून घ्या.

तुमची फोर बाय फोर असल्यामुळे पुढचे शाफ्टही आले. उचलल्यावर सीव्ही जॉइंटचा (चाक वळताना आणि वर-खाली होतानाही शाफ्ट फिरता ठेवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो. चाळीस मिमीपर्यंत तो सहसा सोसतो, त्यापुढे जॉइंटवरच्या रबरी बुटाच्या घड्या चुरगळून एकमेकींवर घासायला लागतात. बूट फाटला आणि त्यात चिऱ्याच्या मातीची ओली पूड गेली, की जॉइंट काही दिवसांत संपतो. ती माती ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी घासते. चाकं लटकवून शाफ्ट हाताने फिरवा. कुठेही अडकला, टकटकला, तर उंची कमी करा. पुढचा डिफरन्शियल २० ते २५ मिमीने खाली घेणाऱ्या चकत्या मिळतात. त्या कोन सुधारतात, पण ज्या उंचीसाठी सगळा खटाटोप केला तीच पोटाखाली परत देतात. हबवर हाताने फिरवायचं लॉक असेल तर डांबरी रस्त्यावर ते मोकळं ठेवा, म्हणजे शाफ्ट फिरतच नाहीत आणि बूट टिकतात.

अलाइनमेंटशिवाय गाडी घरी नेऊ नका. नाक वर गेलं की बहुतेक पिकअपमध्ये चाकाचा वरचा भाग बाहेर कलतो (हा कल म्हणजे कॅम्बर), कास्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो आणि टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) बिघडतो. कास्टर कमी झाल्याची खूण म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि वेगात गाडी रस्त्यावर भटकते. नुसता टो लावून ‘अलाइनमेंट झालं’ म्हणणाऱ्या दुकानातून बाहेर पडा. वरच्या आर्मच्या दांड्यामागे पातळ शिम असतात. दोन्ही बोल्टखाली सारख्या बदलल्या की कॅम्बर बदलतो, पुढे कमी मागे जास्त किंवा उलट केल्या की कास्टर. शिम करून टो शेवटी लावायचा, आधी नाही. सगळ्या शिम बदलूनही कॅम्बर कारखान्याच्या मर्यादेत येत नसेल, तर गाडी जास्त उचलली गेली आहे. दोन-तीन फेरे सोडा. वेगळ्या भूमितीचे वरचे आर्म बनवून बसवण्याचा रस्ता आहे, पण जुन्या गाडीवर तो खर्च टायरपेक्षा मोठा होतो.

टॉर्शन बार नसलेल्यांसाठी दोन शब्द, कारण एकाच नावाच्या पिकअपमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळं सस्पेन्शन आलेलं असतं. नाव बघू नका, खाली बघा. कॉइल आणि शॉकअप एकत्र असेल तर वरच्या टोकावर बसणारी चकती मिळते. ही चकती २५ मिमीची असली तरी चाकापाशी ४० ते ४५ मिमी उंची मिळते, कारण शॉकअप आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसतो, टोकावर नाही. हे न कळून पन्नासची चकती घातली की गाडी साडेतीन इंच चढते आणि बॉल जॉइंट कोपऱ्यात अडकतो. पुढेही पाटे असतील तर पाटेवाल्याकडून एक पाटा वाढवून घेणं किंवा पाट्यांना नवी कमान देणं योग्य. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी कडी) लावली तर तिच्या वाढीव लांबीच्या निम्मीच उंची मिळते आणि शॅकल ज्या टोकाला आहे त्यानुसार कास्टर बिघडतो. पुढच्या ॲक्सलवर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा कधीही घालू नका. ब्रेक दाबल्यावर तो निसटण्याच्या दिशेनेच जोर लागतो.

बॉडी लिफ्ट, म्हणजे चॅसी आणि बॉडी यांच्यात गुटके, हा प्रकार पूर्ण दबलेल्या स्थितीतही टायरला खरी जागा देतो, कारण मडगार्डच वर जातं. पण स्टिअरिंगचा दांडा, गिअर लिव्हर, रेडिएटरचं आवरण, डिझेल भरायची नळी सगळं ताणलं जातं, आणि गंजलेल्या बॉडी माउंटवर लांब बोल्ट घालणं म्हणजे पुढचा त्रास बोलावणं.

पिकअपची शेपटी रिकामी असताना मुळातच थोडी वर असते, म्हणून नाक ४० मिमी उचललं की गाडी सरळ दिसते आणि छान दिसते. पण चिरे किंवा सुपारीची पोती भरली की मागचं बसतं, नाक आकाशाकडे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. रिकाम्या गाडीत मागची बाजू १५ ते २० मिमी तरी वर राहू द्या, आणि दिवे नेहमीचा भार भरून पुन्हा लावून घ्या. पाटे बसलेले असतील तर मागे एक पाटा वाढवा. मागची उंची बदललीच, तर ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह शोधा, गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात. मागची चॅसी ॲक्सलपासून दूर गेली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. भरलेल्या गाडीत, अनमोड घाट उतरताना, हे नको. दांडीचं ब्रॅकेट उंचीइतकं सरकवावं लागतं. नुसते टायर बदलले तर याला हात लावायची गरज नाही.

२४५/७५ ने स्पीडोमीटर सुमारे ५ टक्के कमी दाखवेल: साठ दिसतील तेव्हा खरे त्रेसष्ट. २६५/७५ ने ९ टक्क्यांहून जास्त, म्हणजे साठला साडेपासष्ट. गिअरचंही तसंच: ४.१ चा अंतिम गुणोत्तर असलेली गाडी २६५/७५ वर ३.७५ असल्यासारखी वागते. घाटात दुसरा टाकावा लागतो तिथे पहिल्याची गरज पडते, क्लच अर्धवट दाबून चढवायची सवय असेल तर तो जळतो, आणि टायर जड असल्याने ब्रेकही लांब लागतो. पाचवा टायर विसरू नका. हौद्याखालच्या पिंजऱ्यात ८०४ मिमीचा टायर बहुतेकदा मावत नाही, आणि जुन्या मापाची स्टेपनी लावून फोर बाय फोर जोडली तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) भोगतो.

टायरची नक्षी: रोज डांबर आणि चार महिने चिखल, तर ऑल टेरेन घ्या. मड टायर ओल्या डांबरावर आणि शेवाळलेल्या चिऱ्यावर घसरतो. शेतातल्या खोल चिखलात तर अरुंद टायर खाली कापत जाऊन घट्ट जमीन पकडतो, २६५ ची रुंदी तिथे वर तरंगत फिरत बसते. कुळागराच्या वाटेसाठी अरुंद आणि उंच हेच बरं.

कायद्याचं थोडक्यात. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस आहेच, तिथे बाहेर आलेले टायर पहिल्यांदा दिसतात. अपघातानंतर विमा कंपनीही हेच पाहते. टायरचं माप निर्मात्याने त्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकारावर दिलेलं असेल आणि उंची मूळ मापाच्या आसपास परत आणलेली असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम असते. २६५/७५ आणि तीन इंच यांच्या बाबतीत ती तशी राहत नाही.

काम मृगापूर्वी, म्हणजे मे महिन्यात करून घ्या, म्हणजे बार बसायला कोरडे दिवस मिळतात. पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. पाचशे किलोमीटर झाले की हब ते मडगार्ड माप पुन्हा घ्या. पाच-सात मिमी खाली आलेलं दिसेल, तेवढे फेरे द्या आणि अलाइनमेंट पुन्हा एकदा करा. पावसाळा संपला की ॲडजस्टिंग बोल्टच्या आट्या साफ करून ग्रीस भरा आणि वर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तारेने बांधा, पुढच्या वेळी तो बोल्ट पान्याने सुटेल.